विश्रामकाकाच्या घरापर्यंत

एप्रिल अर्धा सरला की लालबागमध्ये शिंकणाऱ्याला ‘सर्दी झाली का?’ असं कुणी विचारत नाही. सकाळी आठच्या सुमारास गल्लीतले मसाला कुटायचे डंक धडधडायला लागतात आणि तिखटाची बारीक धूळ हवेत चढते, ती जूनशिवाय खाली बसत नाही. नवखा माणूस रुमाल काढतो, डोळे पुसतो, वैतागतो. आम्ही शिंकतो आणि वाक्य पुढे चालू ठेवतो.

यंदाही तेच चाललं आहे. चाळीच्या गॅलरीत जुन्या साड्या अंथरून त्यांवर ब्याडगी मिरची वाळत घातली आहे, शेजारी सुपात धणे, दगडफूल, बडीशेप. येणारीजाणारी प्रत्येक बाई न विचारता सल्ला देऊन जाते. ‘हळद बेतानं घाल गं, गेल्या वर्षी तुमचं कालवण पिवळं झालं होतं.’ मी परळच्या एका शाळेत शिकवते. पेपर तपासून झाले, निकाल लागला की माझी सुटी मिरच्यांचे देठ खुडण्यात जाते. ह्या कामात हात गुंततात आणि डोकं रिकामं राहतं. रिकामं डोकं दरवर्षी तीन वर्षांपूर्वीच्या त्याच एका मोसमाकडे जातं. त्या वर्षी आमच्या घरचे धणे चक्क करपले होते, कारण कढई गॅसवर ठेवून मी गावी फायबरची केबल कुठवर पोचली ते ऐकायला पळाले होते.

खरं सांगायचं तर ह्या फायबरचं मला सुरुवातीला काडीचंही कौतुक नव्हतं. गावी वेगवान इंटरनेट आणायचं म्हणजे वाडीच्या मुंबईतल्या मंडळातल्या तरण्या मुलांना गणपतीत ओटीवर लोळून क्रिकेट बघायचं असणार, अशी माझी समजूत. शिवाय आमची वाडी म्हणजे डोंगराच्या कुशीतली मूठभर घरं. खाली ओढ्यापर्यंत डांबरी रस्ता, पुढे दगडी पायऱ्यांची घाटी चढून जायचं. तिथे टाकीचं पाणी धड नाही आणि ह्यांना फायबर हवं, असं मी बाबांना म्हणालेही होते. बाबा खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते, तसेच बसून राहिले.

बाबा सोळाव्या वर्षी गाव सोडून इथल्या गिरणीत लागले. मागे राहिला त्यांचा धाकटा भाऊ विश्राम. काकाला आमच्या घरात सगळे एकेरीच म्हणतात, लहानांपासून थोरांपर्यंत. हाक मारायचा तर प्रश्नच नव्हता, कारण काकाला जन्मापासून ऐकू येत नाही आणि म्हणून बोलताही येत नाही. अशा मुलांची वेगळी शाळा असते हे तेव्हा वाडीत कुणाच्या कानावर आलेलं नव्हतं. गुरं राखता राखता ह्या दोन भावांनी हातांची एक भाषा बनवली. जेव, झोप, ये, जा एवढ्यापुरती नव्हे. तिच्यात चहाड्या करता यायच्या, थापा मारता यायच्या, कोण कुणावर कशासाठी रुसलंय ते बारकाव्यानिशी सांगता यायचं. मंडळाचे अध्यक्ष तात्या म्हणजे मिशीला दिलेला पीळ. मुंबई म्हणजे शिंक: नाक चिमटीत धरायचं आणि मान झटकायची. काका आयुष्यात एकदाच मुंबईला आला होता, तोही नेमका मे महिन्यात. रस्ता ओलांडताना मागून वाजणारा हॉर्न त्याला ऐकू येईना, म्हणून तीन दिवस बाबांचा हात धरून फिरला, तीन दिवस शिंकला आणि चौथ्या दिवशी गुरांकडे परत गेला.

आम्हाला सगळ्यांना त्या भाषेतल्या वीस-पंचवीस खुणा येत. पाऊस, भात, गाय, आजारी, पैसे, देव. तेवढ्यावर काकाचं पोट भरायचं, पण बोलणं व्हायचं नाही. बोलणं व्हायचं ते मे महिन्यात बाबा गावी गेल्यावर. दोघे खळ्यात समोरासमोर बसत आणि वर्षभराचं साठलेलं महिनाभरात रिकामं करत. आम्ही मुलं तिथेच खेळायचो. आवाज नाही म्हणून आम्हाला वाटायचं की दोघे नुसतेच बसलेत. माणसं अशी बसल्या बसल्या इतकं बोलू शकतात, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

मग बाबांचं हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टरांनी प्रवास बंद केला आणि घाटीचं तर नावच काढू नका म्हणाले. एक मे महिना गेला, दुसरा गेला. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावून द्यायला लागले. वाडीत मोबाईलला रेंज नाही. काका शेजाऱ्यांचा फोन घेऊन वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, चढायचा. तिथेही जेमतेम. चित्र यायचं आणि गोठायचं. काकाचा हात हवेत उचललेला, तोंड अर्धवट उघडं, आणि तो तसाच. बाबा स्क्रीनकडे टक लावून त्या थिजलेल्या हाताची वाट बघत बसायचे.

एकदा काकानं गायीची खूण केली, मग पोटाची. पुढे हात वर गेला तर वासरू झालं, खाली गेला तर गाय गेली. हात छातीशी आला आणि चित्र थांबलं. कॉल तुटला. पुन्हा लागला तो सहा दिवसांनी. ते सहा दिवस बाबा जेवले, पेपर वाचला, औषधं घेतली. फक्त मधूनच स्वतःचा हात छातीशी नेऊन बघायचे. वर की खाली? वर गेला होता, वासरू झालं होतं. पण तोवर बाबा वर्षानं म्हातारे झाले होते असं मला वाटलं.

आमच्या वाडीची लालबागमध्ये एक खोली आहे. एके काळी तिथे वाडीतले वीस-पंचवीस पुरुष पाळीपाळीनं झोपत. गिरणीत जशा पाळ्या, तशाच झोपेच्या. आता तिथे कुणी झोपत नाही, पण जुन्या ट्रंका अजून भिंतीला लागून आहेत आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी वाडीच्या मंडळाची सभा तिथेच भरते. वाडीत विहीर कुठे खोदायची, देवळाला कुठला रंग द्यायचा, हे सगळं ठरतं लालबागला. गावात राहणाऱ्यांना ते कळवण्यात येतं. ह्या पद्धतीत काही चुकतंय असं मंडळाला कधी वाटलेलं नव्हतं, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

त्या वर्षी मार्चच्या सभेत दोन विषय होते. फायबर खालच्या ग्रामपंचायतीपर्यंत आलं होतं. इतक्या थोड्या घरांसाठी वर डोंगरात कुणी ते आणून देणार नव्हतं. पण केबल आणि खांब मंडळानं पुरवले आणि वाडीनं अंगमेहनत केली, तर जोडून द्यायला तालुक्याचा एक केबलवाला तयार होता. दुसरा विषय देवळाच्या सभामंडपाला फरशी. दोन्ही एका वर्षात जमणार नव्हतं. मी बाबांना धरून नेलं होतं, म्हणून मागे बसून ऐकत होते.

मंडळाचा चिटणीस सुरेश आमच्याच भावकीतला, कॉम्प्युटरवर काम करणारा. तो म्हणाला, ‘तात्या, गावात नेट आलं ना, तर मी दोन-दोन महिने तिकडे बसून काम करीन. घरं बंद पडतायत ती उघडी राहतील.’

‘घरां नेटामुळे नाय बंद पडणत,’ तात्या म्हणाले. ‘तुमच्या बायकांका गाव नको, म्हणान बंद पडतत.’

हशा पिकला. फरशीवाले जिंकणार असं दिसत होतं. तेवढ्यात बाबा उठून उभे राहिले. मंडळात सगळे त्यांना नाना म्हणत. इतक्या वर्षांत नाना सभेत बोलले होते असं कुणाला आठवत नव्हतं.

‘माका माझ्या भावाशी बोलूचा आसा,’ ते म्हणाले.

कुणीतरी हळूच म्हणालं, ‘विश्रामाशी? बोलूचा?’ त्यात चेष्टा नव्हती, त्या माणसाला खरंच कळलं नव्हतं.

‘होय. फोनार त्येचे हात मधीच थांबतत. बोलता बोलता माणूस गप झाल्यासारो वाटता. माका आता घाटी चढवणा नाय. फरशी घाला तुमी, देव काय म्हणाचो नाय. पण मी गेल्यावर तार आणलात, तर ती माझ्या काय कामाची?’

बाबा बसले. मला त्यांच्याकडे बघवेना. ‘ह्यांना फायबर हवं’ हे माझे शब्द होते आणि ते मी ह्याच माणसाला ऐकवले होते.

तात्यांनी मत मागितलं नाही की हात वर करायला लावले नाहीत. ट्रंकेवरचा नारळ उचलला, गावच्या दिशेला तोंड केलं आणि सरळ गाऱ्हाणंच घातलं. ‘बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां हय जमली हत. जी काय तार खालच्या गावात येवन थांबली हा, ती तुझ्या वाडीत सुखरूप येवंदे रे म्हाराजा!’

‘होय म्हाराजा!’ सगळी खोली म्हणाली.

‘वाटेत तुटा नये, कोणी अडवू नये, अडवल्यान तर तेका बुद्धी दी रे म्हाराजा!’

‘होय म्हाराजा!’

आमच्याकडे ठराव असा मंजूर होतो.

पुढच्या रविवारी खोलीतल्या चटया गुंडाळल्या आणि फरशीवर खडूनं वाडी काढायला घेतली. किती केबल लागेल, खांब कुठे येतील, हे ठरवायला हवं होतं. सुरेशनं मोबाईलवर आकाशातून घेतलेलं चित्र दाखवलं, तर त्यात नुसतं हिरवंगार. झाडांखाली काय आहे ते दिसेना. म्हाताऱ्यांना केवढा आनंद झाला! साठी-सत्तरी उलटलेली माणसं गुडघे धरून खाली बसली आणि खडूसाठी भांडायला लागली. इथे फणस. नाही, फणस विहिरीच्या अलीकडे. अरे, तो फणस तुझ्या लग्नाच्या मांडवासाठी तोडला! कुणी बालपणीची करवंदीची जाळी काढली, कुणी पडलो होतो तो दगड काढला. त्या नकाशात मेलेली माणसं ओटीवर बसलेली होती आणि कधीच विकलेले बैल गोठ्यात बांधलेले होते. मी गिरणगावातल्या पुष्कळ सभा पाहिल्या आहेत. इतकी सुखी माणसं कुठल्याच सभेत पाहिली नाहीत.

ओढ्यापासून शाळेपर्यंत वाट सरळ. शाळेपासून शेतांच्या मधून जाणारी पायवाट, ती आमच्या घरापर्यंत. आमचं घर वाडीतलं सर्वांत शेवटचं. पावलं मोजून अंतर काढलं, वर थोडी जास्तीची धरली आणि केबल मागवली.

मे महिन्यात सुरेश रजा काढून गावी गेला. चाळीतली दहा-बारा माणसं त्याच्याबरोबर गेली. खड्डे खणणं, खांब उभे करणं, झाडांच्या फांद्या तोडणं, सगळं आपल्या हातांनी. ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्या मुलांच्या हातांना फोड आले आणि त्या फोडांचे फोटो त्यांनी इकडे पाठवले, तेव्हा मी फायबरवरचा माझा राग सोडून दिला. पाऊस तोंडावर होता. काचेचे ते केसाएवढे धागे जोडायचं यंत्र घेऊन केबलवाला एकाच दिवसापुरता वर येणार होता, नंतर त्याची गाठ दिवाळीनंतर. आणि बाबांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की फार पुढचे बेत आखू नका.

केबलवाला वर येणार होता, त्या दिवशी सकाळी मी धणे भाजत होते. खालून कुणीतरी ओरडलं, ‘सुरेशचा फोन आलाय, केबल कमी पडली!’ आणि मी पळाले.

खोलीत फरशीवर खडूची वाडी तशीच होती. तिच्या भोवती सगळे वाकून उभे, मध्ये फोन. सुरेश शाळेमागच्या एका दगडावरून बोलत होता. तिथे आवाजापुरती रेंज मिळते. शाळेपर्यंत सगळं ठीक झालं होतं. पुढे पायवाटच नव्हती. शेतं विकली गेली होती, तिथे कुणा परगावच्या माणसाची आंब्याची बाग झाली होती आणि भोवती चिऱ्यांची उंच भिंत. फाटकाला कुलूप, मालकाचा पत्ता नाही. वळसा घालून जायचं तर केबल पुरत नव्हती. राहिलं ते एकच घर, आमचं.

ती भिंत दोन वर्षांत उभी राहिली होती. गावी जाणारे सगळे आपापल्या घरी जात, वाडीच्या टोकाला कोण कशाला येतंय? आणि जो माणूस रोज ती भिंत बघत होता त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं सड्यावर चढून फोनवर ती भिंत कितीदा सांगितली असेल, कोण जाणे. त्याचे हात मध्येच थांबत होते.

तात्यांनी पायानं खडूची पायवाट पुसली आणि ते मटकन ट्रंकेवर बसले. बाबा मात्र नकाशाकडे बघत होते. ‘मग विश्रामान पाणी खयसून नेल्यान?’ ते म्हणाले. शाळेच्या वरच्या अंगाला एक झरा आहे. बाबांचं गावी जाणं बंद झाल्यावर काकानं त्या झऱ्याचं पाणी एकट्यानं नळी टाकून घरापर्यंत आणलं होतं. एवढं बाबांना माहीत होतं. नळी कुठून गेली ते माहीत नव्हतं.

‘सुरेश, विश्राम थय आसा?’

‘इथेच उभे आहेत, नाना. सकाळपासून आमच्याबरोबरच आहेत.’

‘तेका विचारलास?’

‘कसं विचारणार?’

‘फोन खिशात ठेव. दोनव हात मोकळे कर आणि मी सांगतंय तसा कर. उजव्या हाताची ओंजळ. झाली? ता पाणी. आता ती ओंजळ डाव्या खांद्याकडसून मनगटापर्यंत खाली आण. सावकाश, पाणी धावत नाय. आता बोट जमिनीकडे, आणि भिवयो वर कर.’

‘काय वर करू?’

‘भिवयो, मेल्या, भिवयो! नायतर तो प्रश्न होणा नाय. तू तेका सांगतंस की पाणी येता. ता तेका ठावक आसा.’

बाबा हे फोनकडे तोंड करून सांगत होते आणि त्यांचे हात हवेत तेच करत होते. शंभर कोसांवर असलेल्या भावाला ते दिसत नव्हते. आम्ही तेवढे बघत होतो. हे हात मी रोज बघत होते, औषधाची गोळी ठेवत होते त्यांच्यावर, आणि ते असे बोलतात हे मला ठाऊकच नव्हतं.

‘नाना, ते हसतायत,’ सुरेश म्हणाला.

‘हसांदे. तुझो उच्चार वायट आसा. परत कर.’

तिसऱ्यांदा केल्यावर फोनमध्ये नुसता वारा ऐकू आला. मग सुरेश ओरडला, ‘नाना, ते निघाले! केबलचं वेटोळं खांद्यावर घेऊन निघाले! शाळेच्या मागून खाली उतरतायत, ओढ्याच्या काठानं, तुमच्या पोफळीच्या बागेत—’ आणि तो दगडावरून खाली उतरल्यामुळे फोन बंद पडला.

तासभर कुणी हललं नाही. एरवी एका जागी पाच मिनिटं न बसणारे तात्या ट्रंकेवर हात जोडून बसले होते. माझ्या घरातून करपल्याचा वास तीन इमारतींपर्यंत गेला होता असं नंतर कळलं. मग सुरेशचा फोन आला. काकाची पाण्याची वाट आंब्याच्या बागेला बगल देऊन सरळ आमच्या मागच्या दारी निघत होती. खांबांची गरजच पडली नाही, पोफळी होत्या. केबल पुरली. थोडी उरली तीही काकानं गुंडाळून पडवीच्या वाशाला अडकवून ठेवली. आम्ही इतकी माणसं एक महिना जी वाट शोधत होतो, ती त्यानं एकट्यानं आधीच पायांखाली घातलेली होती, आणि त्याच्याकडे ती होती हे सांगायची सोय आम्ही त्याला दिली नव्हती. त्याच्याबद्दल मला तेव्हा जो अभिमान वाटला त्याच्या तळाशी थोडी शरम होती.

संध्याकाळी आमच्या घरी उभं राहायला जागा नव्हती. माझ्या लॅपटॉपसमोर बाबा, मागे सगळं मंडळ. सुरेशनं तिकडे एक टॅब लावून ठेवला होता. काका दिसला. नुसता दिसला असं नाही, त्याच्या दाढीचे पांढरे खुंट दिसले, मागची खुंटी दिसली, खुंटीवरची टोपी दिसली. त्यानं एक हात उचलला आणि तसाच धरून तो थांबला. हात आता थिजेल, याची सवय झाली होती त्याला. बाबांनी आपला हात उचलला आणि हलवला. काकानं टॅबच्या मागे डोकावून बघितलं. मग त्याचे हात सुटले.

वेग वेग म्हणतात तो कशासाठी हवा असतो, ते मला त्या संध्याकाळी कळलं. एकानं भिवई उचलली की दुसऱ्याला ती उचलताना दिसावी, एवढ्यासाठी. दोघांचे हात इतके भरभर चालले होते की कोण बोलतंय आणि कोण ऐकतंय ते ओळखू येईना. मी रडले, त्यात लाजायचं काय? तात्याही नाक पुसत होते आणि मसाल्याच्या नावानं बोटं मोडत होते. शेवटी त्यांना राहवेना.

‘काय म्हणता रे तो?’

‘शिव्या देता,’ बाबा स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले. ‘भिंतीचा मी धा वेळा सांगितलंय, तुका कळला कसा नाय, म्हणता.’

त्या तारेवर आता वाडीतली मुलं अभ्यास करतात. सुरेश खरोखरच दोन-दोन महिने तिकडे राहतो, त्याच्या बायकोलाही गाव आवडतो असं आढळून आलं आहे. सभामंडपाला फरशीही बसली. माझ्या लेखी मात्र ती तार म्हणजे संध्याकाळचे पाच. पाच वाजले की बाबा शर्ट बदलून, केस विंचरून खुर्चीत बसत. पुढची अडीच वर्षं यात खंड पडला नाही. काका टॅब घेऊन गोठ्यात जाई, बाबा त्याला गॅलरीतल्या मिरच्या दाखवत. ते भांडत, एकमेकांना खोटं पाडत, मांडीवर थाप मारून हसत. एरवी शेजारच्या खोलीतलं बोलणं भिंतीतूनही कानावर येतं. ह्यांचं चोरून ऐकायचं तर समोर जाऊन उभं राहावं लागे. मी चहाचा कप घेऊन बाबांच्या बाजूला उभी राहायचे. आधी विषय कळायला लागला, मग थट्टा, मग शिव्या. कुणी शिकवलं नाही आणि मी शिकतेय असंही मला वाटलं नव्हतं.

गेल्या मार्गशीर्षात बाबा गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. पाच वाजता काकाचा फोन वाजला. तो मीच घेतला आणि त्याला मीच सांगितलं. ते इथे लिहायला मला जमणार नाही.

तेरावं झाल्यावर पुन्हा पाच वाजता फोन आला. काकानं गावच्या ओढ्यावर सगळं रीतसर केलं होतं, डोक्याचे केस काढले होते. मी बाबांच्या खुर्चीत बसले आणि तेराव्याला कोण कोण आलं होतं ते सांगायला लागले. एवढं लांबलचक मी त्याच्याशी कधीच बोलले नव्हते. हात अडखळत होते. चार-पाच माणसं सांगून झाली आणि काकानं मला थांबवलं. माझ्या उजव्या हाताकडे बोट दाखवून तो जवळ आण म्हणाला. मी हात कॅमेऱ्यासमोर धरला. माझी तर्जनी मधल्या पेरात दुमडलेली होती.

बाबांची तर्जनी गिरणीत गेली होती, माझ्या जन्माच्याही आधी. अर्धीच उरली होती, त्यामुळे त्यांच्या सगळ्या खुणा त्या तोकड्या बोटानं व्हायच्या. काकाची दहाही बोटं धड आहेत, माझीही. पण मी शिकले ती बाबांच्या बाजूला उभी राहून, त्यांच्या हाताकडे बघून. बोटाचं ते तोकडेपण मी भाषेचाच भाग समजून उचललं होतं. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. इतके दिवस आपण चुकीचंच बोलतोय, आणि तेही अशा वेळी! मी घाईघाईनं बोट सरळ केलं आणि पुन्हा सुरुवात केली.

काकानं जोरजोरात मान हलवली. नको. त्यानं आपलं धड बोट पेरात दुमडलं, माझ्यासमोर धरलं आणि दुसऱ्या हातानं ते कुरवाळलं. मग छातीवर हात ठेवून तो थांबला. चित्र थिजलं नव्हतं, तोच थांबला होता. माझ्या हातांतून त्याला त्याच्या भावाचं बोलणं ऐकू येत होतं, आणि ते ओळखू शकेल असा दुसरा माणूस जगात नव्हता.

मी बोट दुमडलं आणि तेराव्याला कोण कोण आलं होतं ते त्याला पहिल्यापासून सांगायला घेतलं.